बोया बडीचं (पाण्यातल्या जोडीदाराचं) काम करत नाही

फ्लोरिडात श्वास रोखून भाल्याने मासे मारणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या फार फिरतोय: "दोघांनी आपापला बोया (पाण्यावर तरंगणारा फुगा, वर 'खाली माणूस आहे' सांगणारा झेंडा) घ्या, दोर कमरेला बांधा, म्हणजे एकमेकांवर नजर ठेवत बसायला नको. कोणी बेशुद्ध पडलाच तर दोर ओढून वर काढता येतो. बोया कोणताही चालतो. झेंडा दिसला की बोटी लांब राहतातच." एका दमात इतक्या चुका क्वचितच सापडतात.

आधी सगळ्यात घातक मुद्दा. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येताना तो निम्म्यावर उतरतो, त्यासोबत फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही. म्हणून शुद्ध बहुधा शेवटच्या काही मीटरांत हरपते, कधी डोकं बाहेर आल्यावर एक-दोन श्वास घेऊनसुद्धा. तेव्हा दोराला हिसका बसत नाही, बोया बुडत नाही. मघाशी डुलत होता तसाच डुलत राहतो. शिवाय कमरेला धरून ओढलेला माणूस येतो तो पालथा, तोंड पाण्यातच. त्याचं तोंड वर धरायला, मास्क काढायला, गालावर फुंकर मारून "श्वास घे, श्वास घे" म्हणायला शेजारी माणूसच लागतो. तेव्हा एक खाली, एक वर. खालचा वर आला की निदान तीस सेकंद त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवायची नाही. मासा केवढा होता ते नंतर विचारा.

मग दोन बोये कशाला? दोघांत एकच ठेवला की जोडी आपोआप जवळ राहते. दोन असले की प्रवाहात दोरांची वेणी होते. एकदा पाऊण तास मी तीच सोडवत होतो.

दोर कमरेला नको, भाला सोडणाऱ्या बंदुकीच्या दांड्याला लावा. मोठा कोबिया, म्हणजे आपला मोडुसा, भाल्यासकट पळाला तर बंदूक सोडून देता येते. मग तो बोया ओढत दमतो, तुम्ही नाही. आणि एखाद्या बोटीच्या पंख्यात दोर अडकला, तर त्याच्या दुसऱ्या टोकाला आपण नसलेलं बरं.

"कोणताही बोया" हेही खोटं. हवा भरायचा बोया हलका, प्रवासाला सोयीचा, पण भाल्याचं टोक किंवा माशाचा काटा लागला की संपला. मी घट्ट फोम भरलेला वापरतो. अकरा लिटरचा बोया साधारण अकरा किलो तोलतो, हा हिशेब लक्षात ठेवा. मारलेले मासे त्यालाच अडकवा, कमरेला नको. इथे शार्क येतात आणि ते मासा आणि मांडी यांतला फरक तपासत बसत नाहीत.

राहिला झेंडा. ओढत्या बोयावर तो किमान 12 इंच बाय 12 इंच हवा आणि वारा पडला तरी ताठ राहायला आत तार हवी. उघड्या पाण्यात तुम्ही त्याच्यापासून 300 फुटांच्या आत, खाडीच्या मुखात किंवा बोटींच्या वाटेवर 100 फुटांच्या आत राहायचं. त्या अंतरात शिरणाऱ्या बोटीने अगदी मंद चालायचं. पण हे नियम झाले. समोरून ऊन असेल तर बोटवाल्याला झेंडा दिसतच नाही, आणि पाण्याखाली इंजिन ऐकू आलं तरी दिशा कळत नाही. म्हणून आवाज आला की दोराला धरून, बोयाच्या शेजारीच वर या.

आणि किनाऱ्यावर परतलात की झेंडा उतरवा. पाण्यात कोणी नसताना तो लावायची परवानगी नाही, आणि रिकाम्या झेंड्यांना वळसे घालून कंटाळलेला बोटवाला उद्या तुमच्या झेंड्यालाही घालणार नाही.