तोंडी परीक्षा

सुशीच्या छोट्या, अस्सल जपानी दुकानात जेवणं ही अक्षरशः तोंडी परीक्षा असते. काउंटरला जेमतेम आठ-दहा खुर्च्या. समोर हातभर अंतरावर आचारी आणि त्याच्या हातात फूटभर पात्याची सुरी. बाकीच्या हॉटेलांत स्वयंपाकघर भिंतीआड असतं. आपण ताटात काय गोंधळ घातला हे आचाऱ्याला कळत नाही आणि दोघंही सुखात राहतात. इथे ती सोय नाही. जपानीत या आचाऱ्याला 'इतामाए' म्हणतात, म्हणजे फळीपुढचा. फळीच्या या बाजूला आपण, आणि लपायला रुमालाएवढीही जागा नाही.

पहिल्याच प्रश्नाला निम्मे परीक्षार्थी गारद होतात. सुशी म्हणजे काय? 'कच्चा मासा' म्हणालात की गुण गेले. सुशी म्हणजे व्हिनेगर, मीठ आणि थोडी साखर लावलेला भात. भाताशिवाय कच्चा मासा कापून दिला तर ती साशिमी. उलट आत नुसती काकडी घालून समुद्री शेवाळाच्या कागदात वळलेली गुंडाळी ही मात्र सोळा आणे सुशी. गंमत म्हणजे मुळात हा भात खायचा नव्हताच. मासा टिकावा म्हणून तो मीठ लावून भातात महिनोन्‌महिने आंबवत आणि खायच्या वेळी भात काढून टाकत. बिवा सरोवराच्या परिसरात 'फुनाझुशी' आजही त्याच पद्धतीने मुरते. तिचा वास आधी येतो, ती मागाहून.

तर, वेळेवर पोचा. 'दहा मिनिटं इकडेतिकडे' हे तत्त्वज्ञान इथे चालत नाही. कारण शिस्त नव्हे, कारण भात. शिजलेला भात लाकडी परातीत उलटतात, व्हिनेगर शिंपडून लाकडी चमच्याने, शितं न मोडता, कापल्यासारखा हलवतात आणि वारा घालतात. मग तो साधारण अंगाच्या उष्णतेइतका कोमट राहील अशा बेताने वापरतात. फार गरम असला तर मासा मऊ पडतो आणि गार झाला तर शितं घट्ट होतात. सगळ्यांची बैठक एकाच वेळी सुरू होते ती या भाताच्या घड्याळाप्रमाणे. तुम्ही उशिरा आलात तर भात तुमच्यासाठी थांबत नाही. बाकीचे नऊ जण मात्र थांबतात, आणि तुमच्याकडे बघतात.

अत्तर घरी ठेवा. व्हिनेगरात मुरलेल्या माशाचा वास इतका हलका असतो की शेजारच्या मनगटावरचा एक फवारा सगळ्या रांगेचं जेवण बुडवतो. घड्याळ आणि अंगठ्याही काढाव्यात हे बरं. काउंटर बहुधा हिनोकी नावाच्या मऊ लाकडाचा असतो, त्यावर पॉलिश नसतं आणि आचारी तो रोज घासूनपुसून जपतो. त्यावर घड्याळाचा पट्टा खर्रकन ओढला गेला की दुकानात जी शांतता पसरते, ती अनुभवायची गरज नाही.

बसल्याबरोबर हातात गरम, ओला, गुंडाळलेला टॉवेल येतो. तो हातांसाठी आहे. फक्त हातांसाठी. पण गरम टॉवेल दिसला की माणसाला कोण जाणे का, आधी मान आठवते, मग कानाच्या मागची बाजू, मग चष्मा. मोह आवरा.

मेन्यू नसतो. भिंतीवर लाकडी पाट्या असतात, पण त्या चित्रलिपीत, आणि त्यातलीही अर्धी अक्षरं माशांची नावं. म्हणून 'ओमाकासे' म्हणायचं, म्हणजे तुमच्यावर सोपवलं. काय खात नाही, कशाने अंगावर गांध्या उठतात, वासाबी नावाची तिखट हिरवी चटणी चालत नाही, हे सगळं जागा राखतानाच सांगायचं. पाचवा घास समोर आल्यावर 'अहो, मला शिंपले चालत नाहीत' म्हणणं म्हणजे पेपर संपायच्या घंटेला विषय बदलून मागणं. शाकाहारी मंडळींनी तर जास्तच सावध राहावं. काकडीची गुंडाळी, लोणच्यातल्या मुळ्याची गुंडाळी, भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्यांची 'कानप्यो' गुंडाळी हे प्रकार असतात खरे. पण जपानी स्वयंपाकाच्या मुळाशी जो दाशी नावाचा अर्क असतो तो बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या किसाचा. भोपळा त्यात शिजलेला असू शकतो आणि निरागस दिसणाऱ्या पिवळ्या ऑम्लेटमध्ये वाटलेली कोळंबीही असू शकते.

आता चॉपस्टिक. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवून स्थिर ठेवायची, वरची पेनासारखी धरायची आणि फक्त वरचीच हलवायची. दोन्ही हलवल्या की त्या एकमेकींना ओलांडतात आणि आल्याची चकती शेजारच्याच्या चहात. काड्या एकमेकींवर घासू नयेत, त्याचा अर्थ 'तुमच्या काड्या हलक्या आहेत, कुसं निघतायत' असा होतो. भातात उभ्या खोचू नयेत आणि काडीतून काडीत घास देऊ नये. या दोन्ही गोष्टी तिथल्या अंत्यविधीतल्या आहेत. एवढा अभ्यास घोकून झाल्यावर कळतं की सुशी हाताने खाल्ली तरी चालते! निगिरी, म्हणजे भाताच्या गोळ्यावर माशाचा काप बसवलेली सुशी, हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, रुजला तो रस्त्यावरच्या गाड्यांवर, उभ्याने हाताने खायचा पदार्थ म्हणून. माझं स्पष्ट मत आहे की हातानेच खावं. काड्या साशिमीला आणि आल्याला ठेवाव्यात.

कारण निगिरीची रचनाच तशी आहे. आचाऱ्याचा उजवा हात भाताच्या टोपात जातो आणि पंधरा-वीस ग्रॅमचा गोळा घेऊन येतो, न बघता, न मोजता. डाव्या हातात माशाचा काप. उजव्या तर्जनीच्या टोकावरची वासाबी कापावर पुसली जाते, भात त्यावर बसतो, अंगठा मधोमध हलकेच खड्डा पाडतो, मग एक पलटी, दोन दाब, आणि घास फळीवर. पाच-सहा हालचाली. बाहेरून घट्ट, आतून हवा भरलेला, जिभेवर ठेवताच सुटणारा. हीच कारागिरी आपल्या मुळावर येते, कारण जिभेवर सुटणारा भात काड्यांतही सुटतो. आणि सोया सॉसमध्ये भाताची बाजू बुडवलीत तर तो टिपकागदासारखा सॉस पितो, फुगतो आणि वाटीत विरघळतो. मग त्या काळ्या डोहातून एकेक शीत वेचत बसायचं, आचारी हातभर अंतरावर. बुडवायचीच असेल तर आडवी करून माशाची कड बुडवावी. पण अशा दुकानात बहुधा तीही गरज नसते. मिरिन आणि साके या तांदळाच्या दारू (पहिली गोड) घालून उकळलेला सोया सॉस आचाऱ्यानेच ब्रशने फिरवलेला असतो. त्यावर आणखी सॉस म्हणजे दुरुस्ती, आणि ती कुणी मागितलेली नसते.

घास फळीवर आला की लगेच, एका दमात, अख्खा. फोटोसाठी तीन कोन शोधेपर्यंत भात निवतो. शेवाळाचा कागद तर ओल लागली की क्षणात वातड होतो, म्हणून गुंडाळी कधीकधी थेट हातात देतात. ती घ्यायची आणि खायची, खाली ठेवायला शोधायची नाही. अर्धा घास तोडू नये, उरलेला अर्धा कोसळतो. तोंड लहान असेल तर 'भात थोडा कमी' असं आधीच सांगावं, कुणी रागावत नाही. आणि एक नियम कुठेच लिहिलेला नाही, पण अढळ आहे. तुमचे दोन्ही गाल भरलेले असतानाच, चिवट माकूळ दाढेखाली अडकलेली असतानाच, आचारी मान वर करून विचारतो, 'कसं आहे?' यावर डोळे मोठे करून मान हलवणं एवढंच उत्तर शक्य असतं. सुदैवाने तेच बरोबर उत्तर आहे.

वासाबीबद्दल थोडं विस्ताराने. आजवर आपण जी हिरवी लुकण खाल्ली ती बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि हिरवा रंग. खरी वासाबी हे एका झाडाचं खोड असतं, शार्कच्या खरखरीत कातडीवर गोल गोल किसतात. किसल्यावर तिचा तिखटपणा पंधरा-वीस मिनिटांत ओसरू लागतो, म्हणून लागेल तेवढीच किसतात. ती थोडी गोडसर, सौम्य लागते आणि मग आपण फसतो. हा तिखटपणा जिभेवर बसत नाही, वाफ होऊन नाकात चढतो. आधी काहीच नाही. मग नाकाच्या मुळाशी कुणीतरी दिवा लावतो. डोळ्यांत पाणी. पाण्याचा पेला रिकामा केला तरी उपयोग नाही, कारण आग घशात नाहीच. अर्ध्या मिनिटात आपोआप विझते. सुशीवाल्यांच्या बोलीत वासाबीला 'नामिदा' म्हणतात, म्हणजे अश्रू. नाव ठेवणारा प्रामाणिक होता.

'मासा ताजा आहे ना?' हा प्रश्न इथे विचारू नये. ट्यूना कापल्यावर कित्येक दिवस मुरवतात, तेव्हा त्याला चव येते. कोहादा नावाचा चंदेरी छोटा मासा मीठ लावून, मग व्हिनेगरात घालून तयार करतात, आणि किती मिनिटं हे त्याच्या आकारावर, चरबीवर, ऋतूवर ठरतं. जाणकार आचाऱ्याची परीक्षा कोहादावर घेतात. म्हणजे फळीच्या पलीकडेही एक परीक्षा चालू असते, याचा फार धीर वाटतो.

सामन मागू नये असं नाही, पण एदो परंपरेच्या काउंटरवर तो कदाचित नसेलच. पॅसिफिक सामनमध्ये परजीवी जंत असण्याचा धोका, म्हणून जपानी लोक तो कच्चा खात नसत. कच्च्या सामनचा प्रसार 1980च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला पाळीव सामन खपवायला केला. सामनची गाबोळी मात्र मिळते. तिचं नाव 'इकुरा', आणि तेही रशियनमधून आलेलं.

घासांना क्रम असतो. आधी पांढरे, हलके मासे, पुढे चरबीदार, शेवटाकडे गोड रस लावलेली वाम आणि ऑम्लेट. मध्ये आल्याची चकती जीभ साफ करायला, सुशीवर पांघरूण घालायला नव्हे. ट्यूनाच्या पोटाचा तुकडा, ओतोरो, आला की सगळे गप्प होतात. टोकियोच्या तोयोसू बाजारात 2019च्या पहिल्या लिलावात 278 किलोचा एक ट्यूना 33 कोटी 36 लाख येनला गेला होता. हा आकडा घास तोंडात असताना आठवू नये, गिळवत नाही.

सगळ्यात जास्त नापास होतात ते अर्धवट शिकलेले. सोया सॉसला 'मुरासाकी', शेवटच्या चहाला 'आगारी', बिलाला 'ओआइसो' हे दुकानातल्या माणसांचे आपसातले शब्द. गिऱ्हाइकाने ते फेकले की आचारी नम्रपणे हसतो, आणि ते हसू गुणपत्रिकेवर जातं. 'ओआइसो'चा मूळ सूर तर 'आमच्याकडून नीट आदरातिथ्य झालं नाही, माफ करा' असा. तो आपण काढायचा म्हणजे कमालच. बिल मागायला साधं 'ओकाइकेई' म्हणावं.

बिलावर बहुतेक वेळा फक्त बेरीज असते. जपानमध्ये वर टीप ठेवायची पद्धत नाही. पैसे सोडून गेलात तर ते परत द्यायला कुणीतरी रस्त्यापर्यंत धावत येईल. निघताना 'गोचिसोसामा देशिता' म्हणायचं, म्हणजे जेवणाबद्दल आभार. हे आल्यापासून मनात घोकलेलं असतं आणि ऐन वेळी मधली दोन अक्षरं गळतात. आचारी तरीही वाकतो. आपणही वाकायचं, मग तो आणखी वाकतो, आणि हे कुणीतरी थांबवावं लागतं. दारातला कापडी पडदा हाताने बाजूला करून बाहेर पडेपर्यंत मागे काउंटर पुसून झालेला असतो, आणि पुढच्या बैठकीचे टॉवेल वाफाळत असतात.