थंडीची बातमी द्यायचीय? आधी आकडा लपवा

थंडीची बातमी द्यायची हौस असेल तर सगळ्यात आधी थर्मामीटर कपाटात टाका, त्याचं इथे काही काम नाही. पारा साधा उतरत नसतो हे लक्षात ठेवा, तो घसरतो नाहीतर कोसळतो, मग भले दीड अंशानेच का असेना, आणि तो कोसळला की शहर गारठतं. नाशिक गारठलं, परभणी गारठली, पुढच्या वाक्यात नागरिकांना हुडहुडी भरली की निम्मी बातमी झाली.

क्रम मात्र चुकवू नका. नोव्हेंबरात चाहूल, मग गुलाबी (गुलाबीच का, ते आजवर कोणी धड सांगितलेलं नाही), मग बोचरी, मग कडाक्याची. 'हाडं गोठवणारी' डिसेंबरातच उडवलीत तर जानेवारीत काय बोलणार?

हवामान खात्याच्या नादी अजिबात लागू नका. त्यांच्याकडे थंडीची लाट यायची तर सपाट भागात किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याच्या खाली हवं, वर सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी हवं, म्हणजे लाटेलासुद्धा कटऑफ! किनारपट्टीला 15 पर्यंत सवलत आहे म्हणा, पण मुंबईत तुम्ही 17 लाच 'मुंबईकर कुडकुडले' करून टाका, फक्त 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझला 7.4 होतं हे कोणाला आठवू देऊ नका.

पुण्यात असाल तर मजाच. 'पुणे महाबळेश्वरपेक्षा थंड' ही हेडलाइन दरवर्षी आयती मिळते, रात्री जड थंड हवा खाली साचते वगैरे कारण सांगून तिची वाट लावू नका. 'पुण्याचं शिमला झालं' तर बिनधास्त म्हणा, हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली शिमल्याहून इथे आलं तेव्हापासून आपल्याकडे सिमला ऑफिस आहेच की.

महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी जीपच्या टपावर दव गोठलं की ते नखाने खरवडून तळहातावर घ्या, क्लोजअप मारा आणि म्हणा मिनी काश्मीर. निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षाही गार पडतो, हे कशाला सांगायचं?

आता व्हिज्युअल. 'शेकोटीचा आधार' लागतोच. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर एकदा सकाळी साडेआठला चांगलं ऊन पडलेलं असताना दोघांना पुठ्ठे पेटवून बसवलेलं मी बघितलंय, त्यातला एक हाफपँटवर होता, कॅमेरावाला त्याला सारखा म्हणत होता, काका, हात चोळा ना जरा.

निफाडला मात्र जपून. तिथे 'आल्हाददायक' म्हणून मोकळे व्हा आणि द्राक्षवाल्याच्या तोंडापुढे माईक अजिबात धरू नका. तो पहाटे तीनपासून बागेत शेकोट्या करत, ड्रिप सोडत, मणी तडकले का ते टॉर्च मारून बघत फिरत असतो. त्याला गुलाबी-बोचरी काही येत नाही, तो सरळ आकडा सांगून टाकेल, "साडेचार हाय आज."