काय उजेड पाडलास!

काल सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुलाबाच्या फुलांखाली सेक्रेटरींचा निरोप झळकला : 'काही सभासद रात्री इतरांच्या खिडक्यांत बॅटरी मारतात. हे सुशिक्षित वस्तीला शोभत नाही.' काही सभासद म्हणजे मी. आदरार्थी बहुवचन तेवढं पदरात पडलं.

मला फक्त दोन बॅटऱ्यांची तुलना करायची होती. जुनी अंगठ्याएवढी, एका पेन्सिल सेलवर चालणारी, १२० लुमेनची. नवी ठाणे स्टेशनबाहेर घेतलेली, खोक्यावर '१०००० लुमेन' आणि '१ किलोमीटर' असं ठसठशीत छापलेलं. जेवण उरकून मागच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर उभा राहिलो. मोबाइलच्या कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आधी पक्कं केलं. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा अंधुक झोत उजळवतो, झगझगीत झोत दबवतो आणि दोन्ही फोटो सारखेच येतात.

तेवढ्यात बी विंगचे काका शतपावलीला आले. खाली बर्म्युडा, वर कानटोपी.

"काय रे, उंदीर शोधतोयस?"

"नाही काका, झोत बघतोय."

"किती वॅटची?"

म्हटलं, वॅट नाही, लुमेन बघायचे. लुमेन म्हणजे बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. तो मधोमध किती एकवटलाय ते कँडेलात मोजतात. म्हणून कमी लुमेनची बॅटरीही लांब मारू शकते आणि जास्तीची पायापुरतीच पसरू शकते. काकांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"ते ठीक आहे. पण वॅट किती?"

मग त्यांनी नवी बॅटरी माझ्या हातातून काढूनच घेतली. "आमच्याकडे गुहागरला तीन सेलची होती. पितळी. मारली की समोरच्या डोंगरावरचा माणूस डोळ्यांवर हात धरायचा."

"रात्री डोंगरावर माणूस काय करायचा?"

"तेच बघायला तर मारायचो!"

तळहाताला लावून रक्त दिसतं का ते पाहून झालं. नंतर काकांनी बॅटरी माझ्या हातात दिली आणि आ वासला. "आलाचायस तल बघ. खालची. डावीकलची." अक्कलदाढ ठणकत होती म्हणे. रात्री पावणेअकराला, कंपाउंडमध्ये, एका गृहस्थाच्या तोंडात मी आळीपाळीने दोन बॅटऱ्या मारत होतो. नवीच्या उजेडात हिरड्या राखाडी-जांभळ्या, दाढ निळसर. जुनीच्या उजेडात हिरड्या तांबूस आणि दाढेच्या मुळाशी सूज स्पष्ट. खरे रंग दाखवण्याच्या या गुणाला सीआरआय म्हणतात. शंभरपैकी नव्वदच्या वर असला की रंग जवळजवळ उन्हात दिसतात तसे दिसतात. आपली पांढरी एलईडी बहुतेक वेळा मुळात निळीच असते, वर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन ती पांढरी भासवतात. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि तिचा शेवट बी विंगच्या अक्कलदाढेत झाला.

"कशी वाटते?" काकांनी तोंड मिटत विचारलं.

"जुनीत बरी वाटते."

"मग जुनीच चांगली. आता लांब मारून दाखव. येऊरच्या जंगलातला बिबट्या दिसेल."

आमच्या आणि येऊरच्या मध्ये अनेक टॉवर आहेत. शिवाय पल्ला म्हणजे तिथवर माणूस ओळखू येईल असं नसतं. झोताच्या मध्यावरचा उजेड जिथे पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्यावर येतो, तिथे पल्ला संपला असं मानतात. एक किलोमीटरसाठी अडीच लाख कँडेला लागतात. नाण्याएवढ्या रिफ्लेक्टरमधून ते कुठून येणार? मी हे सांगत होतो, काका ऐकत नव्हते. "वर मार. अजून वर. अरे, घाबरतोस काय? अजून वर!"

चौथ्या मजल्यावरची एक खिडकी धाडकन उघडली. "कोण आहे रे तिकडे?"

"अहो, मीपण याला मघापासून तेच सांगतोय!" काका खणखणीत आवाजात म्हणाले आणि हात पाठीमागे बांधून शतपावलीला लागले. सकाळी सेक्रेटरींच्या निरोपाला पहिला अंगठाही त्यांचाच होता.

घरी येऊन मोरीत कोंडून घेतलं आणि एकेक बॅटरी छताकडे तोंड करून लावली. खोलीभर पसरलेल्या उजेडावरून एकूण लुमेनचा अंदाज येतो, झोताचा भपका फसवू शकत नाही. नवी जुनीच्या जेमतेम दुप्पट वाटली. डोळ्याला दुप्पट वाटायला उजेड साधारण चौपट लागतो. म्हणजे जुनीच्या १२०ची चौपट, दहा हजारांचे झाले पाचशेच्या आसपास. काकांच्या वॅटनेही हिशेब तोच लागतो, हे कबूल करताना जीव जातो. चांगली एलईडी एका वॅटला शंभर-दीडशे लुमेन देते. दहा हजारांना सत्तर ते शंभर वॅट हवेत. आतला '१८६५०' नावाचा रिचार्जेबल सेल धरतो साधारण दहा वॅट-तास. सहा-आठ मिनिटांत तो संपला असता आणि तोवर बॅटरी हातात धरवली नसती. हे असं छापून राजरोस विकतात, आणि आपण घासाघीस करतो ती पन्नास रुपयांची.

आणि बॅटरी मी हौसेने घेतली नव्हती. पार्किंगच्या रॅम्पवरचा दिवा गणपतीपासून बंद आहे. वळणावर पाण्याची पाइपलाइन आडवी टाकलीय, तिला अडखळून शेजारच्या काकूंचा पाय मुरगळला. दिव्याबद्दल ग्रुपवर लिहिलं की हात जोडलेले येतात, 'नोंद घेतली' येतं. माझ्या झोताची दखल मात्र दहा तासांत. काल मी पुन्हा रॅम्पचं विचारलं, तर उत्तर आलं, 'विषय वार्षिक सभेत घेऊ.' सभा संध्याकाळी सातला, त्याच पार्किंगमध्ये भरते. येताना बॅटरी आणली तर शोभेल का, तेवढं नोटिशीत लिहा म्हणून मी कळवलंय.