'थ्री नॉट थ्री' कितीही जुनी झाली तरी बंदूकच

गेले काही आठवडे एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला. त्यातले एक माझे सख्खे मामा, निवृत्त शिक्षक. त्यांनाही तो खरा वाटला, म्हणून हे लिहायला बसलो. मजकूर थोडक्यात असा: "दुसऱ्या महायुद्धातल्या बंदुका ५० वर्षांहून जुन्या, म्हणून अँटिक. त्यांना परवाना लागत नाही. आजोबांना पलटणीतून मिळालेली रायफल वारसाहक्काने घरात ठेवता येते. गोळ्या एवढ्या जुन्या की निकामीच असतात. नळीत वेल्डिंग करून घेतलं की प्रश्न मिटला. अमेरिकेत लोक असा संग्रह उघड करतात, आपणही आपला इतिहास जपू या."

इतिहास जपू या, हे मला मनापासून पटतं. एनसीसीत असताना पहिल्यांदा थ्री नॉट थ्रीची (दोन्ही महायुद्धांतली .३०३ बोअरची ली-एनफील्ड) डीपी, म्हणजे फक्त कवायतीची, रायफल खांद्यावर आली, तेव्हापासून या बंदुकांचं वेड आहे. म्हणूनच बाकीच्या मजकुराचा राग येतो.

आधी तो ५० वर्षांचा आकडा. तो आलाय अमेरिकेतून. तिथे ५० वर्षांहून जुन्या बंदुकांचा 'क्युरिओ अँड रेलिक' असा वर्ग आहे आणि त्या घेण्यासाठी संग्राहकांना वेगळा परवाना काढता येतो. वय झालं म्हणून बंदूक कायद्यातून सुटते, असं तिथेही नाही. खरी 'अँटिक' म्हणून तिथे सूट आहे ती १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुकांना. महायुद्धं दोन्ही त्यानंतरची. ब्रिटनमध्ये हीच रेघ १ सप्टेंबर १९३९ ला आखली आहे, आणि तिथे काडतूसही आज वापरात नसलेलं लागतं. थ्री नॉट थ्री तिथेही बसत नाही.

काहीजण ५० ऐवजी १०० वर्षं सांगतात. ती १९७२ च्या पुरावशेष कायद्यातली. तो कायदा जुन्या वस्तूंची नोंदणी आणि त्या देशाबाहेर जाऊ न देणं यासाठी आहे. शस्त्रपरवान्याशी त्याचा संबंध नाही.

आपल्याकडे बघायचा तो १९५९ चा शस्त्र कायदा, त्यातलं कलम ४५, खंड (क). कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं शस्त्र कायद्याबाहेर आहे खरं, पण एका अटीवर: दुरुस्ती करून वा न करता, कसंही ते बंदूक म्हणून वापरता येऊ नये. 'दुरुस्ती करून' हे शब्द फॉरवर्डवाले नेमके गाळतात. ली-एनफील्ड ही मुळात पलटणीच्या आर्मोररने (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) सुटे भाग बदलून वर्षानुवर्षं चालती ठेवावी, अशीच घडवलेली रायफल आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० साली. तोवर शिपायाच्या खांद्यावर असलेल्या बंदुकीला कालबाह्य कसं म्हणायचं?

उलट ती साध्या परवान्यावरही मिळत नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गातच .३०३ आणि ७.६२ बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) रायफली आहेत. लष्करी ९ मिमी, .४५, .३८० आणि .४५५ ची काडतुसं ज्यांत बसतात ती पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरंही त्यातच. म्हणजे ब्रिटिशांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर गेलं, जर्मनांचं ल्यूगर पिस्तूल गेलं. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात जुन्या रायफलींची नळी गुळगुळीत करून पोलिसांसाठी आणि तुरुंग पहाऱ्यासाठी .४१० ची मस्केट बनवायचे. "ती तर नुसती छऱ्याची" म्हणून हात झटकणाऱ्यांनी वाचावं, तीसुद्धा नावानिशी यादीत आहे. आपल्याकडे परवान्यावर .३१५ ची रायफल आणि .३२ चं रिव्हॉल्व्हर एवढं का दिसतं, याचं उत्तरही याच यादीत आहे. स्टेन आणि ब्रेन या महायुद्धातल्या मशीनगन तर स्वयंचलित, म्हणजे थेट प्रतिबंधित शस्त्र. ते जवळ सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं. साधी बिनपरवाना बंदूक असेल तरी किमान २.

आता आजोबांची रायफल. शिपायाला रायफल मिळायची ती कोतातून (पलटणीच्या शस्त्रागारातून), बट नंबरावर (दस्त्यावरच्या क्रमांकावर), आणि परत जायची ती कोतातच. ती हरवणं हा मोठा गुन्हा होता. घरी आली ती पदकं, पेबुक (पगाराची वही), फार तर एखादं घोंगडं. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ ला इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने धाव घेतली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून हातातली टॉमीगन (छोटी स्वयंचलित बंदूक) नळीकडून धरून तिच्या दस्त्याने लढले आणि तिथेच पडले. घराण्याकडे व्हिक्टोरिया क्रॉस आला. बंदूक सरकारची होती. तेव्हा माळ्यावर लष्करी रायफल निघाली तर ती तिथे कशी आली, हा प्रश्न पोलीस विचारणारच, आणि "बक्षीस मिळालं" हे उत्तर कागदाशिवाय टिकत नाही. आणि रीतसर परवान्याची बंदूक वारशाने आली, तरी २०१९ पासून एका माणसाला दोनच. वारसाहक्कासाठी ही मर्यादा वाढत नाही, असं कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

गोळ्यांचं दोन वाक्यांत. खडकीच्या कारखान्याची, बुडावर 'केएफ' कोरलेली युद्धकाळातली काडतुसं परदेशातले हौशी नेमबाज अजून उडवतात. काही उडत नाहीत, काही टोपीवर पिन बसल्यानंतर क्षणभर थांबून उडतात, आणि हीच सर्वांत धोक्याची. दिवाणखान्यात मांडायची वस्तू नव्हे.

वेल्डिंगचा सल्ला मात्र मला सहनच होत नाही. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे नळी बुजवून घेतली म्हणून कलम ४५ ची अट पुरी होत नाही. नळी बदलता येते, मग 'दुरुस्ती करूनही चालणार नाही' हे कसं सिद्ध करणार? कायद्याचा फायदा शून्य, आणि बंदुकीचं वाटोळं. ईशापूरच्या रायफलीवर बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलणाऱ्या खिळीच्या) मागे, दस्ता जिथे बसतो त्या पोलादी कड्यावर, मुकुट, 'जीआरआय' (सम्राट जॉर्जची आद्याक्षरं) आणि साल ठोकलेलं असतं. बॉडीवरचा नंबर बोल्टवर आणि पुढच्या टोपणावर जुळतो का, यावरून ती कारखान्यातून निघाली तशीच आहे की चार रायफलींची मिळून झाली आहे ते कळतं. पुढच्या लाकडाला तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर तिने ग्रेनेड फेकले आहेत. दस्त्याच्या बुडातलं पितळी झाकण उघडलं तर आत तेलाची कुपी आणि पुल-थ्रू (नळी साफ करायची दोरी) अजून सापडू शकतो. हे सगळं वाचायचं असतं. गॅसकटरने आणि ग्राइंडरने ते अर्ध्या तासात पुसलं जातं.

अमेरिकेत संग्रह होतात हे खरं. ईशापूरच्या आपल्याच रायफली जहाजाने तिकडे गेल्या आणि टेक्सासमधला मराठी मुलगा त्यातली एक दुकानातून रीतसर घेऊ शकतो. मला त्याचा हेवा वाटतो. पण तो तिथल्या कायद्याने घेतो. इथे आपण पट्टे, कुप्या, पेबुकं, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, पलटणीचे फोटो जमवू शकतो. माझ्या कपाटात एवढंच आहे आणि ते भरत आलं आहे.

कुणाच्या माळ्यावर खरंच रायफल निघाली, तर बोल्ट ओढून पाहू नका, ती आत भरलेली असू शकते. नळी कुणाकडेही रोखलेली राहू देऊ नका. परवान्याचा जुना कागद शोधा, वकिलाला विचारा आणि उगाच दिवस न लावता पोलीस ठाण्याला कळवा. परवानाधारक वारला असेल तर कलम २१ प्रमाणे ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. पावती घ्या. आणि ती ताब्यात देण्याआधी कड्यावरचं साल, नंबर, दस्त्यावर कोरलेली अक्षरं, सगळं एका कागदावर उतरवून ठेवा.