वेळ कसा जातंय ओ तिकडं?

मी जिवंत आहे. गेल्या मंगळवारी सोलापुरातल्या एका बँकेत (नाव घेत नाही, पेन्शन अजून तिथंच येतं) मी हे दोन तासांत पाच वेळा सिद्ध करायला गेलो आणि पाचही वेळा नापास झालो.

नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत यादी यायची, आपल्या नावापुढे सही ठोकायची, ओळखीच्या क्लार्कला "आहे बरं का अजून" म्हणायचं, तो "असणारच की" म्हणायचा, झालं. आता अंगठा. काडेपेटीएवढ्या डबीत लाल दिवा लागतो, त्यावर अंगठा टेकवायचा. ओळख पटली तर तुम्ही आहात. माझी पटेना. "दाबून ठेवा." "इतकं दाबू नका." "डावा ठेवा." "पुसून ठेवा." शेवटी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, बाजूला बसा थोडा वेळ. अंगठा नॉर्मल होऊ द्या."

अंगठा नॉर्मल होण्यासाठी मी बाकावर बसलो. शेजारी मामा होते.

मामा म्हणजे माझे कुणी नव्हेत. सत्तरीच्या पुढचे, पांढरा पायजमा, गळ्यात सोलापुरी टॉवेल आणि डोक्याला असं तेल की पंख्याचं प्रतिबिंब दिसावं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पासबुक, पासबुकात आधार कार्ड, आधार कार्डात घडी घातलेली दहाची नोट. मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस. हे सगळं त्यांनी मला विचारायच्या आत सांगितलं. भोंगा बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी पहाटे जाग येतेच, हेही सांगितलं. मग म्हणाले, "साहेब कुठं असता?"

इथं मी जुळे सोलापूर म्हणायला हवं होतं. घर तिथंच आहे, खोटंही झालं नसतं. पण अंगठ्याने अपमान केल्यामुळे मला कुठंतरी वर चढायचं होतं. म्हणालो, "कॅनडात. मुलाकडे."

मामांचा चेहरा दहाव्याला आल्यासारखा झाला. "आरारारा. वेळ कसा जातंय ओ तिकडं?"

आता इथं जरा थांबून सांगतो, कारण हे मला कुठंतरी बोलायचंच होतं. आल्यापासून तीन आठवड्यांत हा प्रश्न मला रिक्षावाल्याने विचारला, दूधवाल्याने विचारला, नवी पेठेत शर्टाचं माप घेताना शिंप्याने विचारला. डॉक्टरांनी तर छातीला नळी लावलेली असताना विचारला आणि वर "बोलू नका" म्हणाले. तब्येत कशी आहे, थंडी किती पडते, नात मराठी बोलते का, काही नाही. फक्त वेळ. आणि उत्तर ठरलेलं असतं. "जात नाही हो" असं म्हटलं की समोरचा खूश. "शेवटी आपलं ते आपलंच" म्हणत तो तुमचा खांदा थोपटतो आणि त्याचा दिवस चांगला जातो. मी "मजेत जातो" म्हटलं की लोक माझ्याकडे प्रेमाने बघतात. बिचारा, मुलाची अब्रू झाकतोय.

खरं सांगायचं तर पहिला हिवाळा गेला नाही. डिसेंबरात पावणेपाचलाच अंधार. खिडकीतून मी गाड्या मोजायचो. लाल किती, पांढऱ्या किती. दुखणं थंडीचं नव्हतं. दुखणं असं की तिथं कुठलंही काम एका दमात होतं. बिल भरलं, झालं. फोन केला, माणूस आला, नळ दुरुस्त केला, गेला. "उद्या बघू" नाही, "साहेब जेवायला गेलेत" नाही. सकाळी दहापर्यंत आयुष्यातली सगळी कामं संपलेली आणि समोर अख्खा दिवस आ वासून उभा.

सोलापुरात वेळ घालवावा लागत नाही, तो घातला जातो. एकट्या पाण्याचंच घ्या. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. उजनी धरणात ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट, पाणी मावतं, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन, आणि माझ्या स्वतःच्या नळाला मात्र चार-पाच दिवसांनी. पण त्या एका पाण्याच्या दिवसावर आठवडा उभा असतो. आदल्या रात्री "उद्या आहे का?" "परवा म्हणतात." "नाही हो, पलीकडच्या गल्लीत आलं." पहाटे मोटर, पाइप, पिंपं, घागरी, मग शेजाऱ्याच्या मोटरीवरून मागच्या खेपेचं अर्धवट राहिलेलं भांडण. कॅनडात नळ सोडला की पाणी. कधीही! पहिले पंधरा दिवस मी रात्री निजताना न्हाणीघरात एक बादली भरून ठेवायचो. सूनबाई सकाळी गुपचूप ओतून टाकायची. दोघंही त्यावर कधी बोललो नाही.

मग मला कचरा सापडला.

हसू नका. तिथं घरामागे तीन पेट्या असतात. भाजीपाल्याची हिरवी, ती दर आठवड्याला जाते. बाकीच्या दोन आलटून पालटून. म्हणजे या आठवड्यात कचऱ्याची, पुढच्या आठवड्यात कागद-डब्यांची. चुकीची पेटी बाहेर काढली तर ती तशीच परत आत. मुलाला हे कधी लक्षात राहिलं नाही. मी तक्ता केला. दह्याचा डबा कुठं, त्याचं झाकण कुठं, पिझ्झाचा तेलकट खोका कुठं, सगळं. आता आदल्या रात्री शेजारचे लोक खिडकीतून बघतात, म्हातारा कुठली पेटी काढतोय, आणि तीच काढतात. खात्यात तेहतीस वर्षं काढली, माझ्या शब्दावर इतके लोक कधी हलले नव्हते.

हे मी मामांना सांगितलं. ते टॉवेलाने तोंड पुसत ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोरानं बापाला कचऱ्यावर ठेवलंय."

"ठेवलं नाही हो. मी स्वतः—"

"आणि काय करताव?"

मी वाचनालय सांगितलं. "वाचून काय करताव?" मी बायकोचं सांगितलं, तिने तिथल्या चार बायकांना कडक भाकरी शिकवली. एवढं मात्र मामांना पटलं. "वहिनींचं बरं चाललंय," म्हणाले. "तुमचं सांगा." पगारी काम का करत नाही, हे त्यांना समजेना. मी म्हटलं, करता येत नाही. आमचा सुपर व्हिसा आहे. मुलांच्या आई-वडिलांसाठी असतो, एका वेळी पाच वर्षं राहता येतं, पण नोकरी करायची नाही.

"नोकरी करायची नाही?"

"नाही."

"मग सुपर काय त्यात?"

बाकावरचे आणखी दोघं आता आमच्याकडे वळले होते. माझ्याकडे एकच हुकमी पान उरलं होतं आणि मी ते टाकलं. हिवाळ्यात तिथले म्हातारे मॉलमध्ये फिरायला जातात. दुकानं उघडायच्या आधी, आतल्या आत फेऱ्या. तिथं माझा एक चिनी मित्र आहे. त्याला इंग्रजी येत नाही, मला चिनी येत नाही. सहा महिने आम्ही नुसते शेजारी शेजारी चालत होतो, त्यामुळे आमचे कधी मतभेद झाले नाहीत. एक दिवस मी फोनवर त्याला चीनमध्ये जाऊन जखमींची सेवा केलेल्या आपल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांचा फोटो दाखवला. तो जागीच थांबला. "के दिहुआ!" म्हणाला. चीनमध्ये त्यांना याच नावाने ओळखतात. मग माझे दोन्ही हात धरले आणि सोडेना. भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या घरावरून मी नोकरीची सगळी वर्षं स्कूटरने गेलो, पाच वेळा तरी आत गेलो असेन की नाही देव जाणे, आणि इथं हा माणूस डोळ्यांत पाणी आणून उभा.

हे ऐकून बाकावर शांतता पसरली. मला वाटलं, जिंकलो. त्या भरात मी पुढचंही बोलून गेलो. म्हटलं, आणि गंमत बघा, कोटणीस ज्या इस्पितळाचे संचालक झाले ते डॉक्टर बेथून यांच्या नावाचं, आणि बेथून म्हणजे कॅनडातल्या आमच्या ओंटारिओचे.

"आमच्या?" मामा म्हणाले.

झालं.

"आमच्या म्हणे. ऐकलाव का ओ?" त्यांनी पलीकडच्या गृहस्थांना विचारलं. ते ऐकतच होते. "ओंटारिओ ह्यांचं झालं." मग माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "साहेब, कोटणीस १९३८ला गेले तवा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षाचं पोरगं होतं ओ ते. लढाईत जखमी लोकांची ऑपरेशनं केली. बत्तिसाव्या वर्षी तिकडंच गेले. तुम्ही किती वर्षाचे असताना गेलाव?"

"चौसष्ट."

"आणि दह्याच्या डब्याचं झाकण कुठल्या पेटीत ते बघताव."

मला राग आला. अजून आहे. मी काय कोटणीसांशी बरोबरी करायला गेलो होतो? मी फक्त एवढंच म्हणत होतो की माझा वेळ बरा जातो. माणसाने निवृत्त झाल्यावर परक्या गावात सुखाने राहण्यासाठी रणांगणावरच जायला पाहिजे का? आणि इथं राहिलेले काय करतात? कंबर तलावाला फेरी मारून कट्ट्यावर गुडघ्यांच्या गोळ्यांचे भाव बोलतात. मग माझ्याच वेळेचा हिशेब का? पण हे मी बोललो नाही, कारण तेवढ्यात काउंटरवरून "काका, या, परत बघू" अशी हाक आली.

परत तेच. लाल दिवा. नाही.

मामा माझ्या पाठोपाठ काउंटरला आले होते. त्यांनी माझा अंगठा धरला, उजेडाकडे वळवला, चादरीचा पोत बघावा तसा बघितला आणि अख्ख्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रेषाच राहिल्या नाहीत की ओ. भांडी घासायला लावतेत काय तिकडं?"

रांगेतल्या दोन बायकांनी "अगंबाई" केलं. मी सांगायचा प्रयत्न केला की तिकडे भांड्यांचं यंत्र आहे. आहेच. आता त्यात लोखंडी कढई जात नाही, ती मी हाताने घासतो, ही गोष्ट वेगळी, आणि ती मी तिथं बोललो नाही.

"मोबाईलवर तोंड दाखवून पण होतंय म्हणे हे," रांगेतून एकजण म्हणाला. "तिकडच्या तिकडं वकिलातीत पण होतंय." मामांनी भुवया वर केल्या. "मग एवढं तिकीट घालून कशाला आलाव साहेब?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण बँकेत सांगण्यासारखं नव्हतं.

मग मामांनी ते केलं. काही कळायच्या आत माझा अंगठा त्यांनी स्वतःच्या डोक्यावर, भांगाच्या बरोबर मधोमध, गरागरा घासला. दोनदा. टॉवेलाच्या कोपऱ्याने हलकेच टिपला आणि डबीवर टेकवला. हिरवा दिवा लागला.

"झालं काका," मुलगी म्हणाली.

परक्या माणसाच्या आवळ्याच्या तेलावर मी पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत आहे.

आभार मानायला हवे होते. मानलेही, जरा तुटकच. म्हटलं, आता तुमचा नंबर असेल, या. तर दारातला वॉचमन हसला. "मामांचं मागच्याच आठवड्यात झालंय. ते रोज येतात. सकाळी दहाला येऊन बसतात, ज्याचं लागत नाही त्याला तेल लावतात. मॅडमना पण सोपं पडतंय." मामा तोवर परत बाकावर जाऊन बसले होते आणि शेजारच्या नव्या माणसाला विचारत होते, "साहेब कुठं असता?" चौदाशे रुपये पेन्शन त्यांना. हेही त्यांनी मघाशी सांगितलं होतं, मीच कॅनडाच्या नादात नीट ऐकलं नव्हतं.

घरी आलो तर गल्ली ओली. शेजारीण गेटमध्ये उभी. "भाऊजी, कुठं होताव? पाणी येऊन गेलं की." आता रविवारशिवाय नाही. बायको दोन घागरी भरून दमून बसली होती, तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी मुलाला पावतीचा फोटो पाठवावा म्हणून फोनवर अंगठा ठेवला. फोन थरथरला. बोट ओळखता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा, म्हणाला. तीनदा साबण लावून हात धुतला, भरून ठेवलेल्या पाण्यातून, बायकोची बोलणी खात. वास अजून येतोय.