‘गेट इट ऑन’: नंबर वन कुठे, दहावा कुठे

टी. रेक्स या ब्रिटिश बँडचं ‘बँग अ गाँग’ हे गाणं ब्रिटनमध्ये अव्वल ठरल्याचं एका लेखात म्हटलंय. तिथे हे गाणं ‘गेट इट ऑन’ याच नावाने निघालं आणि जुलै-ऑगस्ट १९७१मध्ये चार आठवडे पहिलं होतं. चेस या बँडचं त्याच नावाचं गाणं असल्याने अमेरिकेत नाव लांबवून ‘बँग अ गाँग (गेट इट ऑन)’ केलं. तिथे १९७२मध्ये दहाव्या क्रमांकापर्यंतच मजल.

वाजवणाऱ्यांसाठी: कडव्याच्या कॉर्ड ई-ए-ई, ध्रुवपदाच्या जी, ए मायनर, ई. पुष्कळजण इथे ए मेजर धरतात, मग सुरावट खटकते. रिफमध्ये (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या धूनमध्ये) घाई नको. पियानोवरची ती घसरण (बोट पट्ट्यांवरून सरकवत नेणं) कीबोर्डवादक रिक वेकमनची. माझ्या मते खरी झिंग तिच्यातच. शेवटची ओळ मात्र रॉक अँड रोल गायक चक बेरीच्या ‘लिटल क्वीनी’ या गाण्यातून थोडी बदलून घेतलेली.