पारिसेची पाठ आणि तेरा वर्षांचा करार: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण तो खेळाडूच्या बाजूने आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या मिनेसोटा वाइल्ड संघाच्या झॅक पारिसेला मी मागच्या लेखात ‘ओझं’ म्हटलं, हा अन्याय आहे. हाडं मोडून घेणाऱ्या माणसाला लांब मुदतीचा करार मिळाला तर सोफ्यावर बसून आपण कुरकुर करू नये. शिवाय मारियान होसाने तसल्याच करारावर शिकागोच्या संघाला तीन स्टॅनले कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकून दिले.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. ‘ओझं’ हा शब्द मागे घेतो, आणि तो लिहायलाच नको होता. सेंट पॉलमध्ये, वाइल्डच्या घरच्या मैदानावर, गोलच्या मागच्या बाजूला, काचेजवळच्या रांगेत बसून मी पारिसेला पाहिलंय. अंगापिंडाने धिप्पाड नव्हता. तरी उभा राहायचा तो थेट क्रीजच्या, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या जागेच्या, तोंडाशी, गोलकीपरची नजर अडवून. मागचा डिफेन्समन दोन्ही हातांत आडवी धरलेली स्टिक त्याच्या कमरेत हाणायचा. एकदा, दोनदा, तीनदा. शिट्टी वाजायची नाही. पारिसे हलायचा नाही, पक (खेळातली रबरी चकती) आला की वाकून नुसतं स्टिकचं पातं लावायचा. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली, 2018 च्या प्लेऑफमध्ये छातीचं हाड मोडलं. त्याला मिळालेला एकेक डॉलर त्याच्या हक्काचा होता.

माझा आक्षेप पगारावर नाही, मुदतीवर आहे.

4 जुलै 2012 ला वाइल्डने पारिसे आणि रायन सूटर या दोघांशी प्रत्येकी 13 वर्षांचा, 9.8 कोटी डॉलरचा करार केला. दोघंही तेव्हा सत्तावीस वर्षांचे. पहिली दोन वर्षं 1.2 कोटी डॉलर, शेवटची दोन वर्षं जेमतेम 10-10 लाख. चाळिशीतला खेळाडू बर्फावर उतरेल असं सही करताना कुणाला वाटत होतं? ती शेपटाची वर्षं जोडली होती सरासरी खाली आणायला, कारण संघाच्या पगाराच्या कॅपमध्ये, म्हणजे एकूण पगारावरच्या लीगच्या मर्यादेत, दरवर्षी सरासरीच मोजली जाते. ती 75.4 लाखांवर आली.

2021 च्या जुलैमध्ये वाइल्डने दोघांचेही करार बायआउट केले, म्हणजे उरलेल्या पगाराचा काही भाग देऊन मुदतीआधीच संपवले, तेव्हा हा हिशेब उलटला. 2023-24 मध्ये 8.35 कोटींच्या कॅपमधले 1.47 कोटी संघात नसलेल्या या दोघांच्या नावावर गेले. पुढच्या वर्षीही तेवढेच. मालक श्रीमंत आहे, तो देईल, असं तुम्ही लिहिलंय. पैसे तो देईलच हो, पण कॅपमधली जागा त्याला विकत घेता येत नाही. ती जागा दुसऱ्या खेळाडूच्या वाट्यातून जाते.

तो दुसरा खेळाडू म्हणजे केव्हिन फियाला. 2021-22 मध्ये त्याने 33 गोल आणि 85 गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्यांच्या गोलांना दिलेली साथ मिळून) केले, पंचविसाव्या वर्षी. त्याला द्यायला जागाच नव्हती, म्हणून जून 2022 मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला. बदल्यात ब्रॉक फेबरसारखा गुणी डिफेन्समन मिळाला, हे खरंच. पण फियालाला सोडायची वेळ दहा वर्षांपूर्वीच्या सह्यांनी आणली होती, आणि त्या सह्या झाल्या तेव्हा तो पंधरा वर्षांचा पोरगा होता.

सूटरचं उदाहरण मला जास्त बोचतं. त्याचं शरीर टिकलं! तो डॅलसला गेला आणि 2023 च्या पहिल्याच फेरीत डॅलसने वाइल्डला घरी पाठवलं. सूटर पक घेऊन वळला की माझ्या मागच्या रांगेतून ‘बू’ उठायचा. मी गप्प बसलो होतो. एकाच दिवशी, एकाच रकमेचे दोन करार झाले. एकाची पाठ गेली, दुसरा चाळिशीपर्यंत खेळला. सत्ताविसाव्या वर्षी हे कोणता डॉक्टर सांगणार होता?

आता होसा. 2009 चा त्याचा करार 12 वर्षांचा. तिन्ही कप पहिल्या सहा वर्षांतले. 2017 मध्ये त्वचेच्या विकाराने त्याला खेळाचे कपडे अंगावर चढवणंही अशक्य झालं, आणि 2018 मध्ये त्याचा करार ॲरिझोनाला देऊन टाकला. तिथे तो एकही सामना खेळला नाही. खेळ संपलेला होता, पण कागदोपत्री निवृत्ती घेतली असती तर शिकागोच्या कॅपवर दंड बसला असता. इतक्या मोठ्या खेळाडूला ‘मी थांबलो’ एवढं रीतसर म्हणायलाही करार संपायची वाट पाहावी लागावी, हे मला खेळाडूच्या भल्याचं वाटत नाही.

लीगनेही हात आखडता घेतलाय. 2013 पासून स्वतःच्या खेळाडूला कमाल 8 आणि बाहेरच्याला 7 वर्षांचाच करार. सप्टेंबर 2026 पासून ती मर्यादा 7 आणि 6.

शेवटी तुम्ही विचारलंय, ‘तुम्ही मॅनेजर असता तर 2012 मध्ये सही केली असती का?’ सात वर्षांची, वर्षाला 90 लाखांची केली असती. मग मिनियापोलिसमध्ये जन्मलेला पारिसे बहुतेक दुसऱ्याच संघाकडे गेला असता, 2014 आणि 2015 मध्ये प्लेऑफची एकेक फेरी जिंकल्याचा आनंदही आम्हाला मिळाला नसता. ते मला फार जड गेलं असतं. तरी तेराव्या वर्षावर सही केली नसती.